मिठाच्या पानातली लोंबी

हायमकाका गेल्याची बातमी मला रेवदंड्याच्या बाजारात रखमा कोळणीने दिली. "तुझा शनवारतेली गेला रे," ती म्हणाली आणि हातातला बांगडा तसाच धरून राहिली. शनिवारी ज्याचा घाणा बंद आणि तोंड चालू, असा माणूस गप्प झाला होता... पटायला मला घरापर्यंतची वाट पुरली नाही.

काका बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले तेल गाळणारे ज्यू, शनिवार पाळणारे; आम्ही आगरी. दोघांची शेतं खाडीकाठच्या एकाच बांधाच्या आत. ज्याने त्याने आपल्या वाट्याचा बांध राखायचा. एकाने सोडला की खारं पाणी सगळ्यांच्या भातात. काकांचा वाटा सर्वांत वाईट, थेट खाडीच्या तोंडावरचा. शनिवारी ते ओटीवर मराठी बायबल वाचत. वाचत म्हणण्यापेक्षा खेळ लावत म्हटलेलं बरं. संदेष्टा चिडला की भुवया वर, राजा आला की पोट पुढे. आमच्या बायका तांदूळ निवडायची सुपं घेऊन ऐकायला येत.

स्वातंत्र्यानंतर तीनेक वर्षांनी, भाद्रपदातल्या उधाणात बांध फुटला, नेमका काकांच्या वाट्यात. पोटरीला आलेलं भात आठवड्यात करपलं. त्याच सुमारास त्यांचे थोरले भाऊ आरोनजी सगळं कुटुंब घेऊन इस्रायलला निघाले होते. ट्रंकासुद्धा भरल्या होत्या, आणि काका-काकूंनीही यावं असा त्यांचा आग्रह होता. काका गेले तर तो बांध कोण घालणार? आमचं सगळ्यांचं भात त्यांच्या जाण्या-राहण्यावर टांगलेलं. त्या शनिवारी मी ओटीवर सगळ्यांच्या आधी हजर. माझी भक्ती एकाएकी वाढल्याचं काकूंनी बोलूनही दाखवलं.

आरोनजींनी पुस्तक उघडून मोशेच्या तोंडचा इशारा वाचला: सारी भूमी गंधक आणि मीठ, पेरणं नाही, उगवणं नाही, गवतही नाही. मग शेताकडे बोट केलं. "हायम, देवाने आणखी काय सांगायचं? तिकडची भूमी चांगली, दुधामधाची. तेही याच पुस्तकात हाय."

काकांच्या भुवया वर गेल्या. "म्हणजे आशीर्वाद तिकडे आणि शाप आमच्या खाडीला? दादा, दोन्ही एकाच भूमीबद्दल लिहिलंय. शाप तेवढा इकडे उसना कशाला आणता?"

"एकाच भूमीबद्दल? मग खरं कुठलं, काका?" मी विचारलं. हे मी भोळेपणाने विचारलं असं आजवर सांगत आलोय. खरं तर त्यांनी राहावं म्हणून काडी टाकली होती.

काका पहिल्यांदाच अभिनयाशिवाय बोलले. "न्हाय ठाऊक, गणा. मोशेने धाडलेले हेर ती भूमी बघून आले. द्राक्षांचा घड दोघांनी काठीवर वाहून आणला, आणि त्याच दमात म्हणाले, ही भूमी माणसं खाते. घड काही खोटा नव्हता. भीती तरी खोटी कशी म्हणू?" मग पुस्तक मिटत म्हणाले, "माझ्या वाट्याचा बांध फुटलाय. तो आधी घालतो. मग वाचू."

रविवारी ओहोटीला ते चिखलात उतरले. थोड्या वेळाने आरोनजीही धोतर खोचून शेजारी उतरले. "जाणार तर हायच," ते म्हणाले, "पण फुटका बांध मागे ठेवून न्हाय." बांध पुरा करून ते गेले. काका राहिले.

मीठ धुऊन जायला दोन पावसाळे लागले. तिसऱ्या वर्षी राता आला, खाऱ्या जमिनीतलं ते तांबडं भात. काकांनी नवसाचा मलिदा केला. त्याच भाताचे पोहे, गूळ-खोबरं घालून, त्यांच्या एलियाहू नबी या संदेष्ट्याच्या नावाने. माझ्या हातावर घास ठेवत म्हणाले, "काडी टाकली होतीस ना? खा आता." रात्याची एक लोंबी त्यांनी पुस्तकात ठेवली. कुठल्या पानात, ते मात्र बघू दिलं नाही.

परवा काकूंनी ते पुस्तक माझ्या हातात दिलं. मी आधी चांगल्या भूमीचं पान उघडलं. तिथे चिखलाच्या अंगठ्याचा वाळलेला ठसा. लोंबी होती मिठाच्या पानात, दाणे अजून घट्ट धरून.

शनिवार होता. ओटीवर सुपं घेऊन बायका येऊन बसल्या होत्या. "तेच पान वाच," काकू म्हणाल्या. मी वाचू लागलो... माझ्या भुवया काही वर जाईनात.