टँकरच्या दिवसांतली शाळातपासणी

शाळा तपासून आलं की अहवाल साहेबांकडे जातो आणि किस्से आमच्याकडे उरतात. अहवालाला पानांची मर्यादा असते, किश्श्यांना नसते, त्यामुळे ते साठतच जातात. आम्ही जुनी तपासणीवाली मंडळी चहाला भेटलो आणि एकाने सुरू केलं की मग कुणाला घरची आठवण राहत नाही. हसतो खूप. पण खरं सांगू? एका शाळेचे किस्से सांगताना मला अजूनही हसू यायच्या आधी राग येतो!

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. पाठोपाठ दुष्काळ पडलेले, पैठणचं धरण तळाला गेलेलं, आणि शहर मात्र चहूबाजूंनी फुगत चाललेलं. बायपासच्या अलीकडे एक वस्ती होती. सिल्लोड, फुलंब्री, पैठण, जिथल्या विहिरी आटल्या तिथून उठून आलेली माणसं. तिथली महापालिकेची शाळा एका संस्थेकडे चालवायला दिलेली होती. इमारत पालिकेची, मुलं पालिकेची, शिकवणं संस्थेचं. करार संपत आला, म्हणून आमचं मूल्यमापन. गुण कमी पडले तर शाळा बंद, आणि मुलं बायपासपलीकडच्या शाळेत.

वस्तीतल्या बायांनी पहिल्याच दिवशी मला सांगून टाकलं, "पोरं जातील हो मॅडम. पोरी नाय धाडणार आम्ही त्या रोडवरून."

म्हणजे आम्ही देऊ त्या प्रत्येक शून्यामागे कुणाच्या तरी पोरीची शाळा सुटणार होती.

टीममध्ये मी आणि आमचे प्रमुख देशपांडे सर. माणूस अत्यंत सज्जन, फक्त छापील तक्त्याच्या बाहेर कधी पाऊल टाकायचे नाहीत. शाळेच्या मुख्याध्यापिका शेख बाई. बुटक्या, खणखणीत आवाजाच्या, आणि कुणालाही न घाबरणाऱ्या.

*

तक्त्यातला पहिला मुद्दा होता, 'मुलांना वाहत्या पाण्यात हात धुण्याची सवय'. सरांनी नळ सोडला. नळ नुसता फुसफुसला.

"सर, शहरालाच आठवड्यातून एकदा पाणी येतंय," शेख बाई म्हणाल्या. "आमची लेकरं मगभर पाणी घेऊन एकमेकांच्या हातावर ओततात. बघा तरी!"

मुलांनी करून दाखवलं. एक ओततोय, दुसरा साबण लावतोय, आणि धुतलेलं पाणी खालच्या घमेल्यात पडून दारातल्या कडुलिंबाला जातंय.

"छान आहे," सर म्हणाले. "पण हे वाहतं नाही." आणि शून्य!

"मग ते शून्य पालिकेला द्या ना. लेकरांना कशाला देता?"

"पालिकेसाठी रकाना नाहीये, बाई."

अगदी प्रामाणिकपणे म्हणाले हो! त्या प्रामाणिकपणाचाच मला जास्त संताप आला.

*

हजेरी न कळवता बघायची, असा नियम. आम्ही न कळवता गेलो तो नेमका टँकरचा दिवस निघाला. चौथीचा वर्ग अर्धा रिकामा. प्रार्थना झाली, सरांनी डोकी मोजली, पेन बंद केलं, आणि तेवढ्यात मुलं यायला लागली. ओल्या बाह्या, ओले परकर. सारजा नावाची एक पोरगी तर हंडा घेऊनच आली. तो तिने दाराशी टेकवला.

"टँकर आल्ता बाई. आई कामाला गेल्ती, मग नंबर मीच धरला."

सर म्हणाले, "प्रार्थनेनंतर आलेले गैरहजर."

मी म्हटलं, "सर, उद्या परत येऊ या ना. आज आला, म्हणजे उद्या टँकर नसेल."

"मग तपासणी अचानक कशी राहील?"

शेख बाई म्हणाल्या, "सर, टँकरपण अचानकच येतो. तुम्ही आणि टँकरवाला एकदा बसून ठरवून घ्या ना!"

*

गणिताचा पेपर वरून आला होता. त्यात एक प्रश्न: 'एका मिनिटात नळाखाली दोन बादल्या भरतात. नळ अर्धा तास उघडा राहिला, तर किती बादल्या पाणी वाया जाईल?'

सारजाने लिहिलं होतं, 'वाया जाणार नाही. आम्ही शेजारच्यांना हाक मारू.'

मी पूर्ण गुण दिले. सरांनी ते खोडले. मी परत दिले, त्यांनी परत खोडले. शेवटी मी तिला तिथेच उभं करून तोंडी गुणाकार विचारला. पोरीने पटकन सांगितलं, साठ.

"आता तरी द्या!"

"मॅडम, आपल्याला उत्तर तपासायचंय. पोरगी नाही."

त्या दिवशी मी परतीच्या रिक्षात सरांशी एक शब्द बोलले नाही. त्यांना ते कळलंही नाही, ही गोष्ट वेगळी!

*

मग पालकांचं समाधान. एक ते पाच गुण. धोंडिबा म्हणून एक गृहस्थ होते, सारजाचे वडील. फुलंब्रीकडे मेंढरं राखायचे. चारा संपला तशी मेंढरं विकली, चार शेरडं घेऊन वस्तीत आले आणि नव्या बिल्डिंगांवर सेंट्रिंगच्या कामाला जायला लागले.

"शाळेला किती देणार?" सरांनी विचारलं.

"येक लिव्हा सायेब."

मी मधेच विचारलं, "का हो दादा?"

"लई तरास हाय. पोरगी येक दिस घरी ऱ्हायली की ही शेख बाई दारात हजर! आता शेरडं कोन राखनार? थोरलीचं लगीन जमत आल्तं, तर ही पाव्हन्यांच्या म्होरंच म्हनली, पोलीस आनीन. पोरगी सातवीत हाय म्हनं! असं कुटं असतं व्हय?"

सरांनी लिहिलं: 'पालक अत्यंत असमाधानी.'

मी घाबरत घाबरत शेख बाईंना सांगितलं. बाईंचा चेहरा उजळला. "एक दिला? खरंच? या अल्ला! या एकासाठी मी किती चपला झिजवल्या, मालूम है?"

*

शेवटच्या दिवशी पालिकेचे मोठे साहेब यायचे होते. वस्तीत आठवडाभर टँकर फिरकला नव्हता, लोक खाजगी टँकरवाल्याच्या हातापाया पडत होते. आणि सकाळी सकाळी शाळेच्या अंगणात पालिकेचा भरलेला टँकर! कशाला? तर अंगण धुवायला! साहेबांच्या बुटांना धूळ लागू नये म्हणून!

शेख बाईंनी ड्रायव्हरच्या हातातला पाइप घेतला, सरळ गेटबाहेर ओढत नेला आणि हाक दिली, "चला गं, हंडे आणा!"

"बाई, अंगणाचं काय?" ड्रायव्हर रडकुंडीला आला.

"अंगण झाडूने साफ होतं बाबा. तहान झाडूने जाते का?"

साहेब आले तेव्हा गेटबाहेर हंड्यांची रांग, अंगणात धूळ, आणि वर्गावर्गात मुलं गच्च बसलेली. साहेबांनी बुटांकडे पाहिलं. स्वच्छतेला शून्य.

*

आणि आता ऐका. त्याच दिवशी साहेबांनी शाळेच्या ऑफिसात बसून सगळे आकडे बघितले, चहा घेतला आणि म्हणाले, "करार वाढवणं अवघड दिसतंय. पण त्यात एवढं काय? पलीकडची शाळा चालत जाण्याइतकी तर जवळ आहे."

"मग चला ना साहेब," शेख बाई म्हणाल्या, "चालूनच बघू."

सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? निघाले. पुढे साहेब, मागे आम्ही, आणि बाईंनी पहिलीची मुलं बरोबर घेतलेली, दोघादोघांनी हात धरून. बायपास आला. वाळूजकडचे ट्रक, खडीचे डंपर, पलीकडच्या नव्या सोसायट्यांकडे धावणारे टँकर, एकामागून एक. साहेबांनी पाऊल पुढे टाकलं, मागे घेतलं. परत टाकलं. एक डंपर हॉर्न मारत अंगावरून गेल्यासारखा गेला. साहेब दोन हात मागे सरले, रुमालाने मान पुसली आणि खिशातून फोन काढला.

"गाडी घेऊन ये रे इकडं, रोडवर."

गाडी आली. साहेब एकटेच बसले. गाडी लांब चौकापर्यंत गेली, वळली आणि पलीकडच्या शाळेच्या गेटशी थांबली. साहेब उतरले. तिथून आमच्याकडे बघून त्यांनी हात हलवला. देशपांडे सरांचा फोन वाजला. सरांनी तो स्पीकरवर टाकला.

"देशपांडे, पोचलो की मी! लिहा तुम्ही, अंतर सोयीचं आहे."

सरांनी खिशातून पेन काढलं.

मुलं अजून तशीच हात धरून उभी होती. पुढच्या जोडीतल्या एका चिमुरडीने शेख बाईंचा पदर ओढला.

"बाई, आपली गाडी कवा येनार?"