दादासाहेबांचं मूळ

दादासाहेब कोणालाही पहिल्या भेटीत दोन प्रश्न विचारत. पहिला, ‘मूळचे कुठले?’ समोरच्याने गावाचं नाव सांगितलं की दुसरा, ‘त्याआधी?’ नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला, बँकेतल्या मुलीला, एकदा तर रक्तदाब तपासणाऱ्या डॉक्टरला, दंडाला पट्टा गुंडाळलेला असताना, त्यांनी हे विचारलेलं मी पाहिलं आहे. उत्तरावरून माणसाची जागा ठरायची, आणि एकदा ठरली की ती बदलायची नाही. त्यांचं आडनाव मी इथे लिहीत नाही. त्या आडनावाची बाकीची माणसं चांगली आहेत.

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले आणि नाशिकला गंगापूर रोडच्या मागच्या एका कॉलनीत राहायला आले, तेव्हा शेजारचा बंगला त्यांचा निघाला. पहिल्याच दिवशी ते फाटकाशी येऊन उभे राहिले. मी म्हटलं, आम्ही मनमाडचे, वडील रेल्वेत होते. ‘त्याआधी?’ मी म्हटलं, त्याआधीचं मला ठाऊक नाही. ते हसले. म्हणाले, “मनमाडला कोणाचं मूळ नसतं मॅडम. तिथे नुसत्या गाड्या बदलतात.” त्यानंतर वर्षभर त्यांनी मला घरात बोलावलं नाही.

ते सरकारी इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. घराणं कळवणकडचं, कांदा-मक्याची शेती करणारं. पण कळवण हे त्यांच्या मते फक्त मुक्कामाचं ठिकाण होतं. त्यांचे पूर्वज म्हणे उत्तरेकडून घोड्यांवर आले, सूर्यवंशी होते, आणि वाटेत इथे थांबले. “आम्ही आलो,” ते म्हणायचे, “बाकीचे इथे होतेच.” या ‘होतेच’मध्ये पेठ-सुरगाण्याचे आदिवासी, गावातले बलुतेदार आणि बहुधा मीही, सगळे एका दमात निकालात निघायचे.

निवृत्तीनंतर त्यांनी घराण्याचा कुलवृत्तान्त छापायला घेतला. बैठकीच्या खोलीत भिंतभर वंशवृक्ष लावला होता. त्यात चौदा पिढ्या होत्या, पैकी शेवटच्या पाच खऱ्या असाव्यात. स्वतः दादासाहेबांना मूलबाळ नव्हतं, पत्नी आधीच वारली होती, म्हणजे त्यांची फांदी त्यांच्याशीच संपत होती. तिथे त्यांनी एक सोनेरी टिंब काढलं होतं. बायकांची नावं कुठेच नव्हती. त्यांच्या आईचंही नव्हतं. पुढे मी घरात गेले तेव्हा विचारलं, तर म्हणाले, “बायका वंशात येतात मॅडम, वंश चालवत नाहीत.”

आई तेव्हा मागच्या पडवीत बसून लसूण सोलत होती आणि तिला हे ऐकू जात होतं. आक्का तिचं नाव. वय एक्क्याण्णव. नवरा तापाने गेला तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा. पुढे तिने कळवणची जमीन एकटीने कसली, पोराला नाशिकला शिकायला ठेवलं, इंजिनियर केलं. त्याच्या कॉलेजची फी भरायला ती डोक्यावरून कांद्याची पाटी उतरवून थेट एसटीत बसायची, असं मला दादासाहेबांच्या चुलतभावाकडून, पंडितकडून, कळलं. दादासाहेबांनी कधी सांगितलं नाही.

पूर्वजांचा पत्ता आता शास्त्राने लागतो, हे त्यांनी कुठेतरी वाचलं आणि मग मी अचानक कामाची झाले. चहाला बोलावणं आलं. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना एका खासगी प्रयोगशाळेला पाठवायचा होता. तो अहवाल मी वाचून द्यावा आणि कुलवृत्तान्तात पहिल्या पानावर दोन ओळी लिहाव्यात, अशी त्यांची इच्छा. बापाकडून मुलाला, त्याच्याकडून त्याच्या मुलाला, असं एकच गुणसूत्र हजारो वर्षं जवळजवळ जसंच्या तसं उतरत येतं. नक्कल होताना अधूनमधून एखादी बारीक चूक होते आणि ती पुढच्या सगळ्या मुलांत राहते. त्या चुकांवरून कोणती शाखा कुठे फुटली ते सांगता येतं. हे मी समजावलं तेव्हा ते खूश झाले. बायकांचा त्यात संबंध नाही, हे त्यांना विशेष आवडलं.

अहवाल आला. त्यांना हवं होतं ते कूळ साधारण चार हजार वर्षांपूर्वी मध्य आशियाच्या गवताळ मैदानांकडून इकडे पसरलेलं. त्यांचं निघालं ‘एच’. मी सांगितलं की हे भारतातलं फार जुनं पितृकूळ आहे. घोडे, राजे, जाती, शेती, यातलं काहीही नव्हतं तेव्हापासून ते इथे आहे. डोंगरातल्या आदिवासींपासून दक्षिणेतल्या शेतकऱ्यांपर्यंत सगळ्यांत सापडतं. त्याची एक फांदी रोमा लोकांबरोबर चालत युरोपात गेली, तंबूंतून राहणाऱ्या त्या भटक्या लोकांबरोबर. आणि त्याच्या दूरच्या एका भावकीची खूण तर युरोपातल्या अगदी पहिल्या शेतकऱ्यांच्या हाडांत मिळते. एवढा मोठा इतिहास एखाद्याच्या गालातून निघाला तर माणूस नाचेल. दादासाहेबांनी फक्त एवढं विचारलं, “म्हणजे आम्हीही ‘होतेच’?”

मला त्या क्षणी फार बरं वाटलं, हे कबूल करते. मनमाडचा हिशेब चुकता झाल्यासारखं वाटलं. म्हणून त्यांनी ‘यात चूक होऊ शकते का’ असं विचारल्यावर मी वर्गात सांगावं तशी शक्यता सांगितली. एक तर नमुन्यांची अदलाबदल. नाहीतर कागदावरचा बाप आणि खरा बाप, यांत मागे कुठेतरी फरक. बोलताना मी जरा थांबले, शब्द चवीने उच्चारले. हा अहवाल हजारो पूर्वजांपैकी एकाच ओळीचा आहे, त्यात आईकडचं कोणीच नाही, आणि आपल्याकडे हे कूळ इतकं सर्रास आहे की शंका घ्यायचं कारणच नाही, हेही मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. त्यांचा उतरलेला चेहरा बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अहवाल परत द्यायला गेले. दादासाहेब पडवीत आईसमोर उभे होते, हात मागे बांधून, चौकशी अधिकाऱ्यासारखे. आक्का मटार सोलत होती.

“आक्का,” ते म्हणाले, “मी कोणाचा?”

तिला आधी कळलंच नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मग कागदाचं सांगितलं. आक्काने हातातली शेंग पूर्ण सोलली, दाणे ताटात टाकले.

“तुझा बाप गेला त्याला त्रेसष्ट वरीस झाली,” ती म्हणाली. “इतकी वरीस मी एकटी हाय. तुला आज इचारावं वाटलं?”

“मी त्यांचाच का? नुसतं हो का नाही, एवढं सांग.”

ती उठली. हात धुतले, पदराला पुसले आणि मला म्हणाली की माझी पिशवी आतल्या खुंटीला हाय, तेवढी काढून दे. दादासाहेब तिथेच उभे राहिले. त्यांनी तिला अडवलं नाही. गाडीची चावीसुद्धा काढली नाही. माझ्या गाडीतून मी तिला कळवणला पंडितकडे नेलं.

 दिंडोरी आल्यावर तिने विचारलं, त्या कागदात बाईचं काय असतं? मी म्हटलं, काहीच नसतं. “मग माझं नाव कसं निघालं त्यात?” मी गाडी बाजूला घेतली आणि तिला सगळं सांगितलं. ती शंका माझ्या तोंडून आली होती, हेही सांगितलं. तिने तोंड बाहेरच्या द्राक्षाच्या बागांकडे वळवलं.

“तुमी शिकलेल्या,” ती म्हणाली. “तुमाला त्याचा सोभाव ठावं व्हता.”

याहून जास्त ती मला कधीच बोलली नाही. पण तेवढं पुरे होतं.

पंडित हा दादासाहेबांच्या थोरल्या काकांचा मुलगा. दोघांचे आजोबा एक, म्हणजे पितृकूळही एकच असायला हवं. मी त्याला नमुना द्यायला सांगितलं. कशासाठी ते ऐकल्यावर तो आधी हसला, मग त्याने आक्काकडे बघितलं. काडी गालात फिरवत म्हणाला, “घ्या मॅडम. पायजे तर रगात काढा.” त्याचा अहवाल दादासाहेबांच्या अहवालाशी तंतोतंत जुळला, बारीकातल्या बारीक फांदीपर्यंत.

तो कागद घेऊन मी बंगल्यावर गेले. वाटलं, हा माणूस आता आईच्या पायाशी जाऊन बसेल. त्यांनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढला. म्हणाले, “म्हणजे दोघांतही तेच. मग गडबड आजीच्या वेळची असणार.”

मी आयुष्यात पुष्कळ मठ्ठ विद्यार्थी पाहिले. नापास झाल्यावर पेपर तपासणाऱ्याला शिव्या देणारेही पाहिले. पण स्वतःचा घोडा वाचवण्यासाठी आधी आईला आणि मग आजीला खाली लोटणारा माणूस हा एकच. मी विचारलं, “दादासाहेब, आणखी किती बायका मागे जाणार?”  त्यांनी, हे छापायचं नाही, एवढंच बजावलं.

कुलवृत्तान्त निघाला. जाड, गुळगुळीत कागदाचा. पहिल्या प्रकरणाचं नाव ‘उत्तरेकडून आगमन’. मुखपृष्ठावर घोडा. प्रकाशनाला मोठं कार्यालय घेतलं होतं आणि आईचा सत्कार करायचा म्हणून कळवणला गाडी पाठवली होती. आक्काने ड्रायव्हरला जेवू घातलं आणि गाडी रिकामी परत पाठवली. व्यासपीठावर तिच्या खुर्चीवर शाल घडी करून ठेवली गेली. दादासाहेब भाषणात ‘मातोश्रींची प्रकृती बरी नाही’ असं म्हणाले आणि लोकांनी माना डोलावल्या.

गेल्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. दवाखान्यातून पंडितकरवी निरोप गेला, आक्काला घेऊन ये. तिने विचारलं, काय म्हणून बोलावलंय? निरोपात ते नव्हतं. तरी ती आली. दोन दिवस उशाशी बसून तिने त्यांना चमच्याने भाताची पेज भरवली. दुपारी मी तिथे होते. दादासाहेब बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिले, ओठ हलले, आणि मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, “मीठ कमी आहे.” तिसऱ्या दिवशी सकाळी गेले.

बाराव्याचे विधी रामकुंडाजवळच्या घाटावर पंडितने केले. आक्का पायरीवर बसली होती आणि मी तिच्या शेजारी. त्या दिवशी गेलेल्याचा पिंड त्याच्या बाप, आजा आणि पणजाच्या पिंडांत मिसळतात, तेव्हा ती नावं लागतात. गुरुजींनी विचारलं, मृताच्या वडिलांचं नाव? पंडित सांगणार तेवढ्यात आक्काने हात वर करून त्याला थांबवलं. जुन्या वळणाची बाई. लग्नाला पाऊण शतक होत आलं होतं, पण नवऱ्याचं नाव तिने कधी उच्चारलेलं नव्हतं. मतदार यादीसाठीही पोराला सांगायला लावायची.

ती माझ्या खांद्याला धरून उभी राहिली.

“गणपत,” ती म्हणाली. आवाज मोठा होता. शेजारच्या विधीला बसलेली माणसंही वळून बघायला लागली. “ह्याचा बाप गणपत. माझा नवरा.”

गुरुजींनी ते नाव उच्चारलं आणि पंडितला पिंड एकत्र करायला सांगितलं.