हद्दूचा उकार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही. तुम्हाला सांगते आहे, म्हणून मला मन हलकं करायचं आहे असं समजू नका. माझं मन कधी जड झालंच नाही — तेच तर सांगायचं आहे.

धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात. मराठी शिक्षिकांच्या ट्रेनिंगची एकच जागा उरली होती आणि आम्ही दोघी — मी, वकिलाची मुलगी, आणि अळणावरकडची तुळसा. तिचे वडील दुसऱ्याच्या भातशेतात राबायचे. जागा हुकली तर तिचं लग्न लावून देणार होते. मला ठाऊक नव्हतं का? होतं. तिनंच सांगितलं होतं.

परीक्षकांनी फळ्यावर निबंधाचा विषय लिहिला: एक शिकारी पक्षी आणि एक पाणवनस्पती यांची तुलना. ते कागद आणायला गेले, तशी तुळसा माझ्याकडे वळली.

"अक्का, लव्हाळा ठावं हाय मला. पर हद्दूला पुस्तकात काय म्हणत्यात?"

हद्दू म्हणजे कानडीत घार. तिच्या गावची मराठी माणसंही हद्दूच म्हणत. घार — दोन अक्षरं. सांगायला काय लागत होतं?

"शेवटचा उकार काढ," मी म्हटलं. "हद्द."

"ती शेताची न्हवं?"

"एका शब्दाचे दोन अर्थ असतात."

तिनं विश्वास ठेवला. का ठेवू नये?

तिनं लिहिलं — हद्द कितीही उंच उडाली तरी पोटासाठी चिखलाशी येते. लव्हाळा जन्मभर चिखलात उभा, पण कुणाच्या तोंडचं काढून घेत नाही. दुपारी परीक्षकांनी ते सगळ्या शिक्षकांसमोर मोठ्यानं वाचलं. "हद्द उडाली? हद्दच झाली!" सगळे पोट धरून हसले. मीही हसले. माझा निबंध गुळगुळीत होता, पाठ केलेला. जागा मला मिळाली.

लहान होते म्हणू? चांगली एकोणीस वर्षांची होते. वाईट वाटलं म्हणू? त्या संध्याकाळी मी घरी शिरा केला आणि दोनदा वाढून घेतला.

पुढं पुष्कळ वर्षांनी, शाळेतून परतताना, जुन्या हुबळीत तुळसा भेटली. भाजीची पाटी खाली ठेवून धावतच आली, मागे तिची मुलगी.

"ही माझी अक्का," ती मुलीला म्हणाली. "त्या दिशी हिनं मला शब्द सांगितलेला. मलाच नीट ऐकू आला न्हाई. पाया पड."

मुलगी वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत.