सबटायटलच्या आधीचं हसू

दुबईत तेव्हा शुक्रवारी सुट्टी असे, आणि माझी शुक्रवारची यादी ठरलेली होती: पडदे, इस्त्री, चार वाजता सिनेमा. मंदी आली तरी ती बदलली नव्हती. करामा भागातल्या आमच्या इमारतीतली कुटुंबं एकेक करून ‘लाँग लीव्ह’वर निघाली होती. नोकरी गेली असं कुणी म्हणत नसे. आमची शाबूत होती. नवरा रोज साडेसातला डबा घेऊन बाहेर पडत होता.

त्या शुक्रवारी मी एका जुन्या स्पॅनिश विनोदी प्रेमपटाची डीव्हीडी आणली. कृष्णधवल, कादंबरीवरून केलेला. नायक कफल्लक, पण नायिकेसमोर श्रीमंतीचं सोंग करतो. भाषा आम्हा तिघांनाही येत नव्हती. खालच्या इंग्रजी ओळी वाचत बघत होतो.

नायिकेची आत्या दारातून आत आली, काहीतरी पुटपुटली आणि नवरा खो खो हसला. ओळ त्यानंतर उमटली.

“बाबा, यू लाफ्ड टू अर्ली,” बारा वर्षांची लेक म्हणाली. “यू नो स्पॅनिश?”

“मग, हबीबी! ऑफिसात शिकवतात.”

थोड्या वेळाने तो पुन्हा आधीच हसला. मी सिनेमा थांबवला आणि लेकीला खालच्या ग्रोसरीत दूध आणायला पाठवलं.

“कधी पाहिलास हा?”

“असाच, कुठंतरी...”

“कधी?”

“मंगळवारी. अजमानला, मित्राच्या खोलीवर.”

मित्र कामावर जाई, हा तिथे सिनेमे बघत बसे. सहा आठवडे. माझा डबाही तिथेच खाई. कंपनीने व्हिसा अजून रद्द केला नव्हता, त्यामुळे मला कळायला मार्ग नव्हता.

“म्हणजे तूही लाँग लीव्हवर?”

“मिळेल गं दुसरी. इन्शाल्ला.”

चार आठवड्यांपूर्वी पुण्यातल्या माझ्या जुन्या शाळेचं पत्र आलं होतं: गणिताची जागा रिकामी आहे, पंधरा दिवसांत कळवा. मी नकार लिहिला आणि पाठवण्याआधी त्याला वाचून दाखवला. तो मोजे घालत होता. “बरं केलंस,” म्हणाला होता.

“नोकरीचं लपवलंस, ते एक वेळ समजू शकते,” मी म्हणाले. “पण ‘बरं केलंस’ का म्हणालास?”

तेवढ्यात लेक दूध घेऊन आली.

तिच्या हट्टापायी उरलेला सिनेमा पाहिला. सोंग उघडं पडतं, नायिका रुसते, मग हसते, बँड वाजतो. दोन महिन्यांत आम्ही पुण्यात होतो. शाळेतली जागा भरली होती. मी पुढे अकरा वर्षं घरी शिकवण्या घेतल्या. त्याला नोकरी लागली, संसार चालला.

ती कादंबरी नंतर मला इंग्रजीत मिळाली. तिच्यात नायिकेला सोंग कळतच नाही. शेवटच्या पानापर्यंत सुखात असते बाई.

मी काहीही ठरवलं की तो अजून सवयीने म्हणतो, “बरं केलंस.” मग मी ते पुन्हा पहिल्यापासून तपासते.