वय झालंय तिचं

गाडी चालवायला शिकवतो म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. त्याची आई ऐंशीला टेकलेली, तरी तळमजल्यावरच्या खोलीत मशीन मांडून लोकांचे कपडे मापात बसवून द्यायची. चेन बदल, पँट आखूड कर, हे चालूच असे. अशात तिला रक्ताचा कॅन्सर निघाला.

आईला बाहेर बाकावर बसवून मास्तर डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "वय झालंय तिचं. आता उगाच हाल नकोत. लागेल तसं रक्त चढवा, बाकी काही नको." बोलताना आपण फार समजूतदार आहोत असं त्याला वाटलं.

"वय कागदावर दिसतंच आहे," बाई म्हणाल्या. "अंगात जोर किती उरलाय ते बघू, मग ठरवू."

शेजारच्या खोलीत नर्सने आईच्या हातात मूठ आवळायचं यंत्र दिलं. शिवणकामाने कमावलेली मूठ, काटा बराच सरकला. मग हात न टेकता खुर्चीवरून उठायचं होतं. आई अशी उठली की जणू दारात गिऱ्हाईक आलंय. लक्षात ठेवायला दिलेले कुलूप, केळं, नदी हे शब्द तिने मध्ये इकडचं तिकडचं बोलून झाल्यावरही धडाधड सांगितले. मास्तरला मात्र केळं आठवेना.

"कधी पडलात का, मावशी?"

"एकदा. याने शिकवायची गाडी दारात आडवी लावली होती, तिला अडखळून."

नर्स हसली. "ऐकू नीट येतं ना?"

"येतं की. मघाशी दार नीट लागलं नव्हतं. वय झालंय, हाल नकोत, सगळं ऐकू आलं."

आईच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मास्तरला बरं वाटलं असतं. त्याचे कान तापले. हाल कुणाचे टाळायचे होते? दवाखान्याच्या खेपा, बुडणारे क्लास, रांगेत ताटकळणं, हे सगळं आधीच मनात मोजून तो आत गेला होता. आईच्या नावाने त्याने स्वतःचीच सोय बघितली होती.

"औषध सुरू झालं तर तुम्हाला आणायला कोण?" नर्सने विचारलं.

"मी," मास्तर म्हणाला.

आईचं अंग अजून धड आहे, गोळ्या आणि इंजेक्शनं झेपतील, डोस बेताने वाढवू, असं डॉक्टरीणबाईंनी आईलाच सांगितलं. आई म्हणाली, "करून बघू."

परतताना त्याने तोंड उघडलं, "आई, मघाशी मी..."

"समोर बघून चालव." थोडं अंतर गेल्यावर ती म्हणाली, "नकोही म्हटलं असतं मी. पण विचारायचंस तरी."

सुरुवातीला तिला फार त्रास झाला. ताप आला, तोंड आलं, मशीन झाकून पडलं. पुढे रक्त सुधारू लागलं आणि ती सकाळपुरतं दुकान उघडू लागली. एकही खेप मास्तरने चुकवली नाही.

बाकावरची माणसं म्हणत, "नशीबवान आहात, असा मुलगा मिळाला."

"हो, गुणाचा आहे," आई म्हणे. आणि मास्तर तेवढ्यात पाण्याची बाटली भरून आणतो म्हणून उठून जाई.