न मागितलेली तीनचाकी

ग्रामपंचायतीनं मला तीनचाकी सायकल दिली तेव्हा मी चांगला चालत होतो. लहानपणी पोलिओनं डावा पाय बारीक झालेला, पण गुडघ्यावर हात दाबून चालायची सवय होती. दौंडला कॉलेजला गेलो तो तसाच, एसटीच्या गर्दीत उभा राहून. पुढं गावच्या स्टँडवर रेडिओ-टीव्ही दुरुस्तीची टपरी टाकली. तिथंही रोज चालतच जायचो.

झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी पंचायतीचा शिपाई टपरीवर आला. "उद्या शाळंच्या ग्राउंडवर या. सायकल मिळणार हाय तुम्हाला."

मी मागितली नव्हती. पण आई इतकी हरखली, की 'नको' हे माझ्या तोंडून निघालं नाही.

सकाळी सगळं गाव जमलं होतं. माझं नाव पुकारलं तसा मी उठून स्टेजकडं निघालो. ग्रामसेवक लगबगीनं आडवे आले. गाव त्यांना भाऊसाहेब म्हणायचं. हलक्या आवाजात म्हणाले, "अहो, चालत काय येताय? पाहुणे बघतायत. इथूनच बसून या."

मी बसलो. शिपायानं ढकलत स्टेजपुढं नेलं. सरपंचबाईंनी गळ्यात हार घातला. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं म्हणून त्या निवडून आल्या होत्या, त्यामुळं भाषण त्यांच्या मालकांनी केलं. पंचायत दुबळ्यांना आधार देते, असं काहीतरी बोलले. टाळ्या पडल्या. ज्यांच्यासोबत मी कॅनॉलवर पोहायचो ती पोरंही टाळ्या वाजवत होती. फोटोवाला म्हणाला, "हात जोडा." मी जोडले. घरी जाईपर्यंत मान वर केली नाही.

त्याच सुमारास शिरूरकडचं एक स्थळ आलं होतं. मुलीच्या वडिलांनी मला चालताना बघूनच पसंती कळवली होती. तेवढ्यात तो फोटो पेपरात आला. एके सकाळी ते टपरीपुढं हजर. रांजणगावला एका कंपनीत वॉचमन होते. रात्रपाळी उरकून तसेच आलेले, अंगात खाकी, हातात घडी केलेला पेपर. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले.

"पाव्हणं, राग मानू नका. पर भावकीत लोक इच्यारत्यात. तुम्ही चालता ना?"

"चालतो की, मामा. तुम्ही बघितलंय."

"व्हय, बघितलंय. पर जरा नदीपातुर जाऊन येऊ का?"

मी टपरी बंद केली. भर पेठेतून आम्ही दोघं नदीकडं निघालो. दुकानांतली माणसं बघत होती. काय चाललंय हे सगळ्यांना कळत होतं. मी मुद्दाम झपाझप चाललो, आणि नदीच्या उतारावर पाय घसरून खाली बसलो. त्यांनी हात पुढं केला. मी तो धरला नाही. उठायला वेळ लागला, तेवढा वेळ ते पाण्याकडं तोंड करून उभे राहिले.

येताना त्यांनीच चाल कमी केली. "रात्रपाळीनं दम लागतोय," म्हणाले. स्टँडवर चहा घेताना मात्र कप खाली ठेवला. "माझंच चुकलं. चालवून बघाय तुम्ही काय बाजारातला बैल हाय?"

लग्न पक्कं झालं. आईनं गावभर साखर वाटली. मला मात्र कुणी अभिनंदन केलं, की नदीचा उतार आठवायचा.

मग मी सायकल ढकलत सरपंचबाईंच्या घरी नेली. त्या अंगणात मेंढरांना पाला टाकत होत्या. सासऱ्यांच्या काळातला मोठा कळप जाऊन आता दारात तेवढीच राहिली होती.

"काकू, ही परत घ्या. मला लागत न्हाई."

"मंग तवाच का न्हाई सांगितलंस?"

"मला कुणी इच्यारलंच न्हाई."

त्यांनी हातातला पाला मेंढरांपुढं टाकला. "मला तरी कोण इच्यारतं, बाबा? सही कर म्हणत्यात, करती." मग म्हणाल्या, "कुणाला लागती सांग, तिथंच दिऊ."

आमच्या शेजारची चाची बऱ्याच वर्षांपूर्वी पडली, तेव्हापासून खाटेवरच होती. संध्याकाळी बाईंनी स्वतः सायकल ढकलत तिच्या दारात नेली. माझ्यासारखा तमाशा चाचीचा होऊ नये, म्हणून कुणाला सांगू नका असं मीच विनवलं होतं. चाचीला उचलून बसवलं. तिनं दोन्ही चाकांवरून हात फिरवला, गल्लीकडं बघितलं.

"फोटोवाला कुठाय? मला हार न्हाई व्हय?"

आम्ही हसलो. ती हसत नव्हती. "येवढी वर्सं कुणी चार माणसांत नेलं न्हाई मला. आन् आता दिलं, तेबी चोरून."

मला तिच्याकडं बघवेना. बाईंनी मात्र पुढच्या बाजारच्या दिवशी तिला हार घालून पेठेतून फिरवलं. त्यांचे मालक चिडले होते म्हणे. मी टपरीत मान खाली घालून रेडिओ खोलत बसलो.

पुढच्या वर्षी बाईंनी हट्ट धरला, आधी घरोघर जाऊन विचारायचं. भाऊसाहेब आमच्याकडंही आले. "काय गरज आहे, सांगा."

"काही नको," मी म्हणालो.

आतून माझी बायको बोलली, "पंचायतीच्या पायऱ्यांना धराय कायतरी बसवा. ह्यांना भिंत धरून चढावं लागतं."

मी तिच्याकडं रागानं बघितलं. भाऊसाहेब गेल्यावर दिवसभर बोललो नाही.

पायऱ्यांना पाइपाचा कठडा बसला. पोलिओच्या डोसासाठी पोरं घेऊन येणाऱ्या बाया, म्हातारे आप्पा-आबा, सगळे तो धरून चढायचे. मी कितीतरी दिवस पलीकडच्या अंगानं भिंतीला धरूनच चढत राहिलो.