जोडीमास्तरांचा नकार

निपाणीहून बेळगावला जाताना मास्तर दोन तिकिटं काढत. एक स्वतःचं, एक शेजारच्या रिकाम्या जागेचं. खिडकी नेहमी त्या दुसऱ्याला. नवा कंडक्टर असला की हुज्जत घाली, "सीट खालीच हाय की ओ, मास्तर." मास्तर शांतपणे पैसे पुढं करत. बायकांना बस फुकट झाली तेव्हा एक जुना कंडक्टर म्हणाला, "त्यो तुमचा बाई असता तर निम्मं वाचलं असतं बघा." सगळी बस हसली. मास्तरही हसले, मग खिडकीकडं वळून हळूच काहीतरी बोलले. बहुधा त्याला विनोद समजावून सांगितला.

गावात त्यांना जोडीमास्तर म्हणत. हायस्कुलात त्यांनी आम्हाला गणित शिकवलं, आणि रिटायर झाल्यावरही आमच्या गल्लीत त्यांच्या ओसरीवर एखाद-दुसरं पोर पाटी घेऊन बसलेलं असेच. त्यांचा हा दुसरा म्हणजे ते स्वतःच. तरुणपणी त्यांना दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. एक जवळचं कॉलेज, तिथं राहणं, जेवण, फी सगळं शिष्यवृत्तीत. दुसरं लांबच्या शहरातलं, नाव घेताच लोकांनी मान हलवावी असं, आणि न परवडणारं. मास्तर शिष्यवृत्तीकडं गेले. पण दुसरीकडं 'मी येत नाही' एवढं कळवायला त्यांचं मन धजेना. आज कळवू, उद्या कळवू करत राहून गेलं. दिवाळीला त्या शहरात शिकणारा एक मित्र गावी आला आणि रागानं म्हणाला, "खाणावळीत रोज समोर बसतोस, आन् वळख दावत न्हाईस व्हय रं?"

"तवा उमगलं," मास्तर सांगत, "मी न्हाय म्हटलं न्हाय, म्हणून त्यो गेला."

त्याची खबर ते अधूनमधून देत. त्याला बढती मिळाली. त्यानं फ्लॅट घेतला. त्याचा गुडघा धरलाय, जिना चढवत नाही. बोलण्यात असूया नसे, कौतुकही नसे. वेगळं राहणाऱ्या भावाबद्दल बोलावं तसं बोलत. काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, याचं काही वाटेनासं झालं होतं. "सवत असती तर झिंज्या धरल्या असत्या," त्या म्हणत. "ह्याचं काय धरू?"

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. अक्षरं जुळवायला शिकले ती माझ्या वडिलांनी, अण्णांनी, वाटायला आणलेल्या कागदांवरून: सीमाभागाची, विडी कामगारांची, बुवाबाजीविरुद्धची पत्रकं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी घडलं ते सांगते. एकदा संकेश्वरला बस गच्च भरली. मास्तर मला म्हणाले, "बस हितं पोरी. त्यो उठलाय जरा." निपाणीपासून त्या जागेवर कुणी बसलं नव्हतं. मी टेकले तर जागा कोमट होती, माणूस नुकता उठून गेल्यावर असते तशी. ऊन पडलं असेल, असं मी स्वतःला बजावलं. ऊन पलीकडच्या बाजूला होतं.

दोन वर्षांपूर्वी वकिलीच्या शिक्षणासाठी माझ्याही हातात दोन प्रवेश आले. एका साध्या विद्यापीठानं सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली. दुसरं उत्तरेतलं, मोठ्या वकिलांचं. तिथल्या फीसाठी अण्णा रस्त्याकडचं रान विकायला निघाले होते. शिक्षणाच्या बाजाराविरुद्ध मी चौकात भाषणं ठोकली होती, आणि मला त्याच बाजारातलं सगळ्यात महाग दुकान हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं. अण्णा म्हणाले, "रान काय, परत घेता यील." मला झोप लागेना. रान विकून शिकलेली मी उद्या कोणत्या तोंडानं कुणाच्या रानासाठी भांडणार होते?

मास्तरांकडं गेले. कुठं जा, हे त्यांनी सांगितलं नाही. "जिथं जाणार न्हाईस, तिथं तोंडानं सांग," एवढंच म्हणाले.

"सर, आता मोबाईलवर बटण दाबलं की होतं."

"बटणावर माझा भरवसा न्हाय. तुझा आवाज तिथं पोचला पायजे."

भरदुपारी त्यांच्या ओसरीवरून मी उत्तरेतल्या त्या विद्यापीठाला फोन लावला. नाव सांगितलं, अर्जाचा क्रमांक सांगितला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, नक्की ना, मग परत मिळणार नाही. "नक्की," मी म्हणाले. "मी येणार नाही." फोन ठेवला. रडू आलं, ते मी लपवलं नाही.

मास्तर माझ्याकडं बघत होते. मग त्यांनी हात पुढं केला. "जरा दे हिकडं."

मोबाईलचा पडदा काळा झाला होता. त्यांनी तो कानाला लावला, पाठ ताठ केली आणि वर्गात हजेरी द्यावी तसं स्वतःचं पूर्ण नाव घेतलं. "मी येणार नव्हतो," ते म्हणाले. "कळवायचं ऱ्हायलं. लई उशीर झाला, माफ करा."

बंद फोनमधून कुणीतरी म्हणालं, "बरं." मला स्पष्ट ऐकू आलं. आवाज मास्तरांचाच होता आणि मास्तरांचे ओठ मिटलेले होते.

माझी तिथली जागा प्रतीक्षा यादीतल्या एका मुलीला मिळाली, असं पुढं कळलं. मला आनंद झाला. ती तिथं तिच्या नावानं बसते. आता प्रवेशाच्या दिवसांत आम्ही मुलं पत्रक काढतो, त्यात पहिली ओळ माझी असते: जिथं जाणार नाही तिथं वेळेत नाही म्हणा, तुमच्यामागं कुणीतरी थांबलंय. ही ओळ खरं तर मास्तरांची.

सुट्टीत गावी आले तेव्हा त्यांना भेटायला गेले. मास्तर ओसरीवर खुर्ची टाकून इंग्रजी पेपर वाचत होते. "अरे वा, केव्हा आलीस?" म्हणाले. "बस ना. कसं चाललंय तुमचं विद्यापीठ?" फार आपुलकीनं बोलले. मला गणित कुणी शिकवलं होतं, असंही विचारलं. थट्टा समजून मी हसले, पण त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

काकूंनी मला आत बोलावलं. चुलीपाशी बसवून घेतलं आणि बाहेर ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाल्या, "दोघांतला एक गेला गं पोरी, त्या फोनच्या दिवशी. पर ऱ्हायलाय त्यो कंचा, मला अजून उमगंना."